देवरामकाकांचा दुसरा गिअर

सुबोध परबच्या हाताला यश आहे, असं चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत सगळे म्हणायचे. लोक म्हणतात तर म्हणू द्यावं. पण हा पठ्ठ्या स्वतःही ते मानायला लागला होता, आणि गोची तिथेच झाली. वडील गिरणीत फिटर. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घरासमोर स्कूटरी दुरुस्त करायला घेतल्या, आणि त्याच शिदोरीवर सुबोधने इस्टेटीत गाळा घेऊन जुन्या जीपगाड्यांचं काम धरलं. चिखलात नि डोंगरात गाड्या घालायचा षौक असलेली मंडळी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेली आहेत. त्यांच्या थकलेल्या गाड्यांत दुसरं दणकट इंजिन बसवून द्यायचं, यात सुबोधचं नाव होतं.

सम्यक त्याचा शाळेपासूनचा दोस्त. भंगाराच्या वाटेवरची एक जीप त्याने उचलली, ती वडिलांसाठी. देवरामकाका सरकारी खात्यात जीपवर ड्रायव्हर होते. उभी हयात अकोले-संगमनेरच्या घाटांत साहेबांना फिरवलं, पण गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आल्यापासून मात्र भाजी आणायची आणि सेक्टरच्या बागेत बसायचं, एवढंच काम उरलं होतं. दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, आपली जीप आपण चालवत गावच्या विहारापर्यंत जायचं, ही एकच हौस त्यांनी मुलाला बोलून दाखवली होती. सुबोधने छाती ठोकून सांगितलं की काका, गाडी तयार समजा.

समजा म्हणायला काय जातंय! इंजिन हातात पडलं तेच उशिरा. अष्टमीची दुपार उलटली तरी जीपचं तोंड उघडंच होतं. आणि परबांच्या घरात खंडेनवमी कडक. अष्टमीला दिवेलागणीच्या आत हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, नवमीला त्यांची पूजा, आणि दसऱ्याची आरती होईपर्यंत कोणी त्यांना हात लावायचा नाही. वडिलांनी गिरणीतही हे पाळलं होतं.

आता इंजिन म्हणजे काय, तर पुढे दोन रबरी पायांवर बसतं, आणि मागे त्याला जोडलेला गिअरबॉक्स गाडीच्या आडव्या पट्टीवर टेकतो. तिन्ही ठिकाणची भोकं आपसूक समोरासमोर आली पाहिजेत. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने नुसते अडकवायचे आणि आवळायचे शेवटी, हे सुबोध इतरांना शिकवायचा. त्या दिवशी त्यानेच घाईत पुढचे पाय वेल्ड करून आवळून टाकले. मग मागे वाकून बघतो, तर गिअरबॉक्सचं भोक पट्टीवरच्या भोकापासून अर्धं बोट बाजूला. खरं काम एकच होतं, पुढचे पाय कापून पुन्हा मापात बसवायचे. सुबोधने पहार घेतली. गिअरबॉक्स रेटून धरला, भोकासमोर भोक येताच बोल्ट ठोकला आणि जीव खाऊन आवळला. गाडीच्या पत्र्यातून गिअरचा दांडा वर येतो तिथे एका बाजूला जेमतेम नखभर फट उरली. ती त्याला दिसली होती. त्याने बघितली नाही, इतकंच.

चारकोपच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली. गाडी झकास चालली.

नवमीला पाटावर पाने, जॅक, हातोडे झेंडूची फुलं लेवून बसले, आणि सुबोध पुन्हा पुन्हा पाटासमोरून फिरायला लागला. एक बोल्ट जरा बघायचा होता, असं त्याने आईला सहज विचारल्यासारखं विचारलं.

प्रेमाबाई म्हणाल्या, "आज हत्यारांक हात लावूचो नाय हां, सुबोध."

खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. हत्यारं शेजारच्या गाळ्यातून मागता आली असती. तेही नको, तर सम्यकला एक फोन करता आला असता, की थांब रे, काम फसलंय. पण हाताला यश असलेल्या माणसाने फसलंय म्हणायचं कसं? त्याने आईच्या नाही म्हणण्याआड तोंड लपवलं. दसऱ्याच्या सकाळी देवरामकाका पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि म्हणाले की पोरा, सोनं केलंस. सुबोध हसला.

गावापर्यंत गाडी नीट गेली. विहाराकडे चढणारा रस्ता मात्र छातीवर येणारा. पंचशीलाचे झेंडे लागलेले, गाव दुतर्फा उभं, आणि ऐन चढावर दुसरा गिअर निसटला. गाडी मागे घरंगळली. काकांनी ब्रेक दाबेपर्यंत मागची बाजू दगडी कठड्यावर आदळली. मागे बसलेल्या त्यांच्या बायकोचं, मालनकाकूंचं, मनगट मोडलं. एवढ्यावर निभावलं, असं सगळे म्हणाले.

सम्यकने जीप ओढून आणून गाळ्यात सोडली. पप्पांकडून गिअर नीट पडला नव्हता यार, तू फक्त मागचा पत्रा सरळ कर, म्हणाला. तो गेल्यावर सुबोध आत वाकला. दांड्याच्या भोवतालचा पत्रा एका कडेला घासून चकचकीत झाला होता. चढावर जोर आला की इंजिन रबरावर कलतं. ते कललं, वाकडा बसलेला दांडा पत्र्याच्या कडेवर टेकला, आणि कडेनेच त्याला गिअरमधून बाहेर ढकललं. काकांचा हात त्यात कुठेच नव्हता.

संध्याकाळी मोसंबी घेऊन तो त्यांच्या घरी गेला, सांगायचं म्हणूनच गेला. मालनकाकू प्लास्टरातला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या आणि तोंडाचा पट्टा चालू होता. म्हातारपणी हौस सुचते, गावासमोर शोभा झाली, उद्या नात मांडीवर असती तर? काका मोरीत बसून भांडी घासत होते. हात पुसत बाहेर आले, खाली बघतच बोलले.

"दुसरा टाकला होता असं वाटत होतं मला. पण नसेल टाकला. हातच धोका द्यायला लागला रे."

वाक्य सुबोधच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि भलतंच बोलून बसला.

"होतं काका. वयानं होतं."

काकांनी मान हलवली. गाळ्यातल्या माणसानेच सांगितलं म्हटल्यावर आणखी काय विचारायचं!

त्यानंतर सुबोधने जीपवर जे काम केलं, तसं त्याने आजवर कोणाच्याच गाडीवर केलं नव्हतं. जीप चार चाकांवर सपाट उभी केली. इंजिन साखळीला टांगून सगळे बोल्ट सोडले. मागचा बोल्ट निघताक्षणी गिअरबॉक्स धाडकन बाजूला सरकला. इतके दिवस त्याला दाबून ठेवलं होतं, ते दिसलं. मग पुढचे पाय कापले, नवे पाय वेल्डिंगच्या नुसत्या टाक्यांनी धरले, दांडा पत्र्याच्या मधोमध येईपर्यंत पुन्हा पुन्हा सरकवले, आणि तिन्ही बोल्ट बोटांनी फिरवून आत गेले तेव्हाच पक्कं वेल्ड मारलं. गाडी आरे कॉलनीच्या चढउतारावर नेली, ओझं भरून नेली. दुसरा गिअर तसूभर हलला नाही. आता गाडी नीट आहे, मग बोलून कोणाचं भलं होणार, असं त्याने स्वतःला समजावलं. चोराच्या मनात चांदणं असतं. हाही चांदण्यातच फिरत होता. कोणी नुसतं दुसरा गिअर म्हटलं तरी दचकायचा.

काकूंचं प्लास्टर निघायच्या सुमारास सम्यकचा फोन आला. पप्पांनी लायसन कपाटात ठेवून दिलंय, रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात धरतात, जीप विकून टाक म्हणतात, तर गिऱ्हाईक बघ. सुबोधने हो म्हटलं, फोन ठेवला, आणि त्याला स्वतःची किळस आली. त्याने पत्रा वाकवला असता, काच फोडली असती, तर भरून देता आली असती. त्याने एका चांगल्या ड्रायव्हरला आंधळं करून रस्त्यावर सोडलं होतं. गाळ्याचं शटर ओढून तो तसाच, तेलकट हातांनी चालत सेक्टरात गेला.

दार काकांनी उघडलं. सुबोध आत न जाता चौकटीतच उभं राहून बोलला. भोक जुळलं नव्हतं, पहार लावून जुळवलं, मला माहीत होतं, फट दिसली होती. थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात बोलला. मालनकाकू भाजी निवडता निवडता थांबल्या.

देवरामकाकांनी आधी ऐकलंच नाही असं वाटलं. मग त्यांनी उजवा हात जरासा पुढे केला, दांडा धरल्यासारखी मूठ केली.

"म्हणजे दुसरा पडला होता?"

"पूर्ण पडला होता काका."

"मग वयानं होतं, असं का म्हणालास?"

सुबोधने शिव्यांची तयारी ठेवली होती, मुस्काटात बसेल तीही सोसायची ठरवली होती. काकांनी दोन्हींतलं काही केलं नाही. ते खुर्चीवर बसले आणि तोच हात मांडीवर ठेवून बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता मालनकाकूंचा पट्टा सुटणार, म्हणून सुबोध त्यांच्याकडे वळला. काकूंचं मात्र त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"इतके दिवस मी ह्यांना जे जे बोलले," त्या हळूच म्हणाल्या, "ते आता मागं कसं घेऊ रे?"

सुबोध दारातच उभा होता. आत ये, असं त्याला कोणी म्हटलं नाही.