टॅग ज्याचा, त्यानंच काढायचा

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मला माझ्याच पोरीने शिकायला बसवलं, आणि तेही माझी एकही तक्रार ऐकून न घेता. मी प्लांटमध्ये फिटर. हातात पाना असला तर कुणाला भीत नाही, पण समोर इंग्रजी आलं की पाचावर धारण बसते. ऑफिसर होण्याच्या परीक्षेत मी दोनदा लेखी पास झालो आणि दोनदा मुलाखतीत आपटलो. साहेब लोक इंग्रजीत विचारायचे, मला प्रश्नच कळायचा नाही, आणि हिंदीत विचारा म्हणायला लाज आड यायची. आता तिसरी खेप होती. त्यानंतर मी वयात बसत नव्हतो.

पोरगी तेव्हा सिविक सेंटरजवळच्या क्लासला जाऊन नोकरीच्या परीक्षांची तयारी करत होती. तिथे तिला शब्द फोडायची विद्या मिळाली होती, आणि ती आजमावायला घरात गिऱ्हाईक तयारच होतं.

"बाबा, पाठ नका करू. तुमी मशीन खोलता ना, तसाच शब्द खोला. पुढचा तुकडा वेगळा, मधला वेगळा. 'प्री' म्हणजे आधी, 'री' म्हणजे पुन्हा, 'सब' म्हणजे खाली. काही तुकडे लॅटिनमधून आले, काही ग्रीकमधून."

"मले इंग्रजीच येत नाही, आन् तू त्याच्या आजोबाले घेऊन आली," मी म्हणालो.

पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. प्रीहीट, रीहीट हे शब्द तीस वर्षं तोंडात होते आणि त्यांच्या आत काय आहे ते मी कधी पाहिलंच नव्हतं. 'थर्मो' म्हणजे उष्णता, म्हणून भट्टीचा ताप मोजणारं ते थर्मोकपल. 'हायड्रो' म्हणजे पाणी, म्हणून हायड्रॉलिक. इथे मात्र मी तिला अडवलं.

"आमच्या हायड्रॉलिकमंदी तेल रायते. पाणी गेलं तं मशीन खराब होते."

"शब्द जुना आहे बाबा. तवा पाणीच होतं."

"मंग शब्द बदला ना! माणसाले कावून तरास देऊन राहिले? आन् आमचं सबस्टेशन जिना चढून वर आहे, ते खाली कसं झालं?"

तिने कपाळावर हात मारला. पुढचे तीन महिने कधी तिचा हात तिच्या कपाळावर असायचा, कधी माझा माझ्या.

घरभर टॅग लागले ती चूक मात्र माझीच. मीच तिला कधीतरी सांगितलं होतं, की प्लांटमध्ये मशीनला हात लावण्याआधी तिची वीज बंद करायची आणि स्विचवर आपल्या हाताने आपला टॅग लावायचा: काम चालू है. ज्याने लावला त्यानेच काढायचा, तोही काम संपल्यावर. साहेब आला तरी दुसऱ्याच्या टॅगला हात लावत नाही, कारण आत कुणाचा तरी जीव असतो. पोरीने एवढंच नेमकं उचललं. पुठ्ठ्याचे तुकडे कापले, सुतळी ओवली आणि घरात जिथे तिथे शब्द टांगले. ज्या शब्दाचे तुकडे मी न अडखळता सांगेन, त्याचा टॅग ती काढणार. फ्रिजवर 'प्रिझर्व्ह', खिडकीवर 'ट्रान्सपरंट', माझ्या मोटरसायकलच्या हँडलवर 'रिलक्टंट', म्हणजे नाखूश. या शेवटच्याने मला नाकी नऊ आणले. त्यातला 'री' म्हणे पुन्हा नव्हे, उलट. एका पुर्ज्याला दोन कामं कोण देतं? आमच्या कोहक्याच्या चौकात लोक पुठ्ठा पाहून विचारायचे, गाडी विकायला काढली का.

टीव्हीचा टॅग तिने माझ्याकडून लिहून घेतला. काम चालू है, खाली माझी सही. काम होईपर्यंत टीव्ही बंद. त्यात बायकोची मालिका बुडाली.

"मिठाच्या डब्याले पुठ्ठा, फ्रिजले पुठ्ठा," ती म्हणाली. "उद्या मलेही सुतळी बांधान तुमी दोघं."

मुलाखतीच्या दिवशी पोरगी मला सोडायला आली आणि बाहेर झाडाखाली उभी राहिली. आत तीन साहेब. मधले भले होते, आधीच म्हणाले, "हिंदी में भी चलेगा." मी म्हणालो, "नो सर, इंग्लिश." हा शहाणपणा करायला मला कुणी सांगितलं होतं? पण बाहेर पोरगी उभी होती.

प्रश्न असा होता, की हाताखालचा माणूस खबरदारी घ्यायला नाखूश असेल तर काय कराल. इंग्रजीत त्यात सबॉर्डिनेट होता, रिलक्टंट होता, प्रिकॉशन होतं. सगळे ओळखीचे! मला इतका आनंद झाला की मी सरळ कामालाच लागलो. मशीन खोलली की पुर्जे पोत्यावर ओळीने मांडायचे, ही माझी जुनी सवय. 'सब' खाली. 'री' उलट, मधला तुकडा झगडण्याचा. 'प्री' आधी. तिन्ही शब्द मनातल्या मनात खोलून स्वच्छ मांडले, आता जोडायचे, म्हणून मान वर केली तर मधले साहेब, मी अडलो असं समजून, माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवत होते. मग ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्यातही दोन शब्द ओळखीचे होते.

संताप येतो तो याचा, की उत्तर मला येत होतं. मी ते रोज देतो. सेफ्टी बेल्ट न बांधता वर चढणाऱ्याला खाली उतरवतो, चहा पाजतो, लेकरांची नावं विचारतो आणि मग माझ्या हाताने त्याला बेल्ट बांधतो. हिंदीत एक मिनिट लागलं असतं. साहेबांनी दार उघडून दिलं होतं, मीच भिंतीवर डोकं आपटलं.

यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. घरी आलो तर पोरगी स्टुलावर चढून खिडकीचा टॅग काढत होती.

"कावून काढून राहिली?"

"माझ्यामुळं गेलं बाबा," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "मी तुमाले खोलायलेच शिकवलं. जोडायचं राहूनच गेलं."

मला रडू आणि राग एकदमच आले. राग आधी बाहेर पडला.

"उतर खाली! काम झाल्याबिगर टॅग काढते काय कोणी?"

"पण आता परीक्षाच नाही ना."

"नाही तं नाही. मले जोडायचं शिकव."

ती स्टुलावरून उतरली. डोळे पुसत टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "मंग आईसाठी हा तरी काढा."

"तो माझा टॅग आहे," मी म्हणालो. स्वयंपाकघरातून पळी आपटल्याचा आवाज आला.

टॅग अजून तिथेच आहे. बायको रोज संध्याकाळी मालिका पाहायला शेजारी जाते आणि जाताना दार आपटते. हायड्रॉलिकवरून आमचं अजून वाजतं. परवा मात्र मी पोरीला समोर बसवलं आणि साहेबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत दिलं, चहा आणि लेकरांच्या नावांसकट. चांगली दहा-बारा मिनिटं लागली. तिने एकदाही पाण्याचा ग्लास पुढे केला नाही.