मिलिंद गेला, बंड्या राहिला

माझा नवरा गेला आणि मागे एक राक्षस ठेवून गेला.

राक्षसाचं नाव बंड्या. जात रेडटेल कॅटफिश, मूळ गाव ॲमेझॉन, मुक्काम चेन्नईत, अड्यारमधला आमचा हॉल.

आज मिलिंदला जाऊन वर्ष झालं. सगळे त्याचे फोटो टाकतायत, छान लिहितायत. मला मात्र माशाबद्दलच लिहावंसं वाटतंय. का, ते विचारू नका. मलाही माहीत नाही.

कोळत्तूरच्या शोभेच्या माशांच्या मार्केटमधून आणला तेव्हा बोटाएवढा होता. लांब पांढऱ्या मिश्या, लाल शेपूट.

"किती क्यूट आहे बघ!" इति मिलिंद.

क्यूटने पहिल्या दोन-तीन महिन्यांतच टँकमधले सगळे गोल्डफिश गिळले. मग थर्मामीटर गिळला. तो दुसऱ्या दिवशी बाहेर टाकला, पण आमचा जीव तोवर टांगणीला.

"अगं, लहान आहे अजून," मिलिंद म्हणाला. सईचे, म्हणजे आमच्या मुलीचे, एवढे लाड कधी झाले नाहीत.

मी जन्माची शाकाहारी. माझ्या फ्रीझरमध्ये कोळंबी आली. वर कोथिंबीर, खाली कोळंबी. मी भांडले, रडले, माहेरी जायची धमकी दिली. शेवटी मीच मार्केटमध्ये कोळंबी निवडून घ्यायला लागले.

उन्हाळ्यात अख्खी बिल्डिंग टँकरच्या पाण्यावर, आणि आमच्याकडे माशाचं पाणी बदलणं चालू. सेक्रेटरी दारात उभे. "सार, मनुष्यांना पाणी नाही!" मिलिंद हसून त्यांना कॉफी पाजायचा.

बंड्या वाढत गेला. टँक बदलला, सोफा गेला, पुन्हा टँक बदलला. आणि मग हॉलच संपला.

शेवटी शेवटी बंड्याला त्या टँकमध्ये धड वळताही येईना. नाक एका काचेला, शेपूट दुसरीला. मिलिंद ऑफिसमधून आला की बूटही न काढता समोर उभा राहायचा.

"त्याला वळता येत नाही गं," एकदा म्हणाला.

"मग देऊन टाक ना कुणाला तरी."

तो तसाच आत निघून गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसमध्येच अटॅक आला. हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही.

दहाव्याचं सगळं शेजारच्या राव काकांनी जमवलं. ते तंजावरचे मराठी, कित्येक पिढ्या इकडचे. समुद्रावर जागा, गुरुजी, सगळं त्यांनीच पाहिलं.

पिंड ठेवला. कावळा शिवेना.

समोरच्या भिंतीवर कावळे चांगले ओळीने बसले होते. आमच्याकडे बघत होते. एकही हलेना.

दीर म्हणाले, "सईचं शिक्षण आम्ही बघू." नाही.

"आईला आम्ही नेऊ." नाही.

मग मला वाटलं, आता कळलं. मी हात जोडले. "मिलिंद, बंड्याला मी सांभाळीन. शेवटपर्यंत."

सगळ्यांनी माना वर करून भिंतीकडे पाहिलं. नाही!

राव काका हळूच म्हणाले, "अय्यो, आज अमावस्या की. इकडं अस्की घरीं, घरोघर, आधी कावळ्याला भात घालून मग जेवतात. त्यांचं पोट भरलंय, अम्मा."

म्हणजे आम्ही मुहूर्तच असा धरला होता, की अख्ख्या चेन्नईने आमच्या आधी कावळे जेवू घातले होते.

ऊन चढत होतं. सई घेरी येऊन खाली बसली. आणि मला मिलिंदचा असा राग आला, की मी मोठ्यांदा म्हणाले, "नाही होणार माझ्याच्याने! देऊन टाकणार मी त्याला!"

कावळा आला. सरळ पिंडावर.

मिलिंद, याचा अर्थ काय घ्यायचा मी?

तुझा जीव त्याच्यात अडकला होता, की त्याच्या सुटण्यात? सई म्हणते, "आई, कावळ्याला तेव्हा भूक लागली, बस." असेलही. पण मग मला वर्षभर झोप का लागत नव्हती?

कारण देऊन टाकण्याचा शब्द मी पाळला नाही.

महाबलीपुरमच्या वाटेवर एकांचं मोठं तळं आहे, असे मोठे मासे ते ठेवून घेतात. मी त्यांना बोलावलं आणि दारातून परत पाठवलं. एकदा नाही, दोनदा. बंड्या गेला की घरात तुझं काय उरणार होतं? शर्ट? शर्टांना कोळंबी लागत नाही.

पण त्याची शेपूट काचेला घासून सोलवटली, तेव्हा मी तिसऱ्यांदा फोन केला.

गेल्या रविवारी नेला. ओल्या ताडपत्रीत गुंडाळून, चौघांनी उचलून. लिफ्ट सेक्रेटरींनी स्वतः धरून ठेवली. सारखे डोळे पुसत होते. त्यांना काय झालं, तेही मला कळलं नाही.

तळ्यात सोडला. बराच वेळ काठाशी तसाच पडून होता. मालक म्हणाले, "भीती वाटते, मॅडम. कळायला वेळ लागतो."

मग सावकाश, अख्खा वळला. एकदा. पुन्हा एकदा. आणि खाली गेला.

मी कोळंबीचा डबा घेऊन काठावर बसून राहिले. हाका मारल्या. आला नाही. मला वाईट वाटलं की बरं वाटलं, अजून ठरत नाहीये. बहुतेक दोन्ही. खूप रडले, एवढं खरं.

तू बरोबर होतास की मी, तो कावळा खरा की सईचं म्हणणं खरं, यातलं मला काहीही कळलेलं नाही.

बंड्या नीट पोचला, मिलिंद.

तूही पोचला असशील, असं धरून चालते.