एकोणिसावं लेथ

काकूंनी जन्मात लेथला हात लावला नव्हता, पण काकांच्या मागे मागे फिरून अठरा जुनी लेथ मशिनं बघितल्यावर त्यांना त्यातलं पुष्कळ कळायला लागलं होतं. काका कारखान्यात चाळीस वर्षं टर्नर. लोखंडाचा गज मशीनवर फिरवत ठेवून तासायचा आणि मापात केसभरही फरक पडू द्यायचा नाही, अशी त्यांची ख्याती. निवृत्त झाल्यावर घरामागच्या खोलीत स्वतःचं लेथ बसवायचं, हा एकच ध्यास. खोली रंगवून झाली, विजेची जोडणी झाली, खाली काँक्रीट झालं. लेथ तेवढं येईना.

येणार कुठून? काकांना पसंत पडेल तर ना! एकाचा बेड, म्हणजे खालचा लांब पाया, झिजलेला, एकाचे गिअर खोकतात. एक अगदी कोरं करकरीत दिसत होतं, तर म्हणे, "रंग ताजा आहे, खाली काहीतरी झाकलंय." अठरावं तर खरोखर चांगलं होतं. ते नापास झालं गिअरबॉक्सचं झाकण नीट बसत नाही म्हणून! परतताना बसमध्ये काकू म्हणाल्याच, "अहो, तुम्हाला काम काय झाकणावर करायचंय?" काकांनी उजवा हात खिशात घातला.

तेव्हा काकूंच्या मनात पाल चुकचुकली. हल्ली काका चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. शर्टाचं वरचं बटण लावायला त्यांना वेळ लागे आणि काकू मुद्दाम दुसरीकडे बघत. उजवा हात थरथरत होता. खरी मेख इथे होती. मशीन वाईट असलं तर दोष मशीनचा. चांगलं मशीन घरात आलं आणि काम बिघडलं, तर दोष कुणाचा? काकूंना रडूच आलं. ज्या हातावर घर चाललं, त्याच हाताला हा माणूस भ्यायला लागला होता.

एकोणिसावं लेथ स्प्रिंगा बनवून विकणाऱ्या एका स्प्रिंगवाल्याच्या गॅरेजमध्ये होतं. तो मुलीकडे कायमचा राहायला चालला होता. काकांनी फडक्यातून जाडी मोजायचं मायक्रोमीटर काढून ठेवलं. गज पकडणारा चक वर उचलून पाहिला, हलला नाही. हँडल मागेपुढे केलं, ढिलं नाही. बेडवरून सावकाश बोट फिरवलं. खोट काही सापडेना, तसा काकांना घाम फुटायला लागला.

"आवाज जरा..." काका पुटपुटले.

"आवाज छान आहे," काकू म्हणाल्या.

स्प्रिंगवाला हसला. "वहिनी, तुम्हीपण टर्नर की काय?"

"यांच्या नादानं झाले. अहो, एक तुकडा काढून बघा ना."

"कशाला? उगाच वेळ..."

"वेळच वेळ आहे. जेवून निघालोय आपण."

आता सुटका नव्हती. स्प्रिंगवाल्यानं गजाचा तुकडा दिला. "जाडी बरोबर पंचवीस मिलिमीटर करतो," काका म्हणाले. पहिले दोन कट झोकात गेले. शेवटच्या कटाला हँडल बारीक रेघेवर आणताना हात थरथरला. काकूंनी ते पाहिलं. टूल सरकत गेलं, लोखंडाची पातळ साल निघत गेली.

मशीन थांबलं. काकांनी एका टोकाला मायक्रोमीटर लावलं, मग दुसऱ्या टोकाला, मग पुन्हा पहिल्या.

"काही खोट निघाली का?" स्प्रिंगवाल्याचा चेहरा उतरला होता.

हा मनुष्य आता रंग, झाकण, काहीतरी काढणार आणि उद्या आपण विसावं बघायला निघणार, असं काकू धरूनच चालल्या होत्या.

"मिलिमीटरचे सात शतांश जास्त कापलं गेलंय," काका म्हणाले. "पण दोन्ही टोकांना अगदी सारखं. मशीन सरळ आहे हो तुमचं. चुकला तो माझा हात."

अख्ख्या संसारात डोक्यावरचा चष्मा सापडला नाही तरी घराला बोल लावणारा हा माणूस! काकूंना इतकं भरून आलं की चिडवायचंसुद्धा सुचेना.

"मग, नको का?" स्प्रिंगवाल्यानं विचारलं.

"नको कसं? उद्याच टेम्पो आणतो." काकांनी बाह्या वर सारल्या. "आधी अजून एक तुकडा द्या."