मक्यातली पांढरी तूर

माझ्या पोटात राग बारा महिने टिकतो, असं बायको म्हणते. खरं आहे. चुलतभावावरचा राग मी एका खरिपापासून दुसऱ्या खरिपापर्यंत जपला, आणि जपताना मजा आली, हेही सांगून टाकतो.

वैजापूरकडं आमची रानं बांधाला बांध लागून आहेत. मी वाळूजला कंपनीत. शिफ्ट संपली की शेती. गेल्या साली त्यानं मक्यात तणनाशक मारायला माझा पाठीवरचा पंप नेला. असा पंप परत देताना नळी-नोझलसकट सोड्यानं दोन-तीनदा धुवावा लागतो. ह्या शहाण्यानं कॅनॉलमध्ये बुचकळला आणि माझ्या ओट्यावर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी त्याच पंपानं कपाशीवर तुडतुड्यांचं औषध मारलं. आत राहिलेल्या तणनाशकानं आठवडाभरात कपाशीची पानं अरुंद होऊन भेंडीच्या पानांसारखी फाटली, शेंडे वळले. त्या साली एक धड बोंड हाती लागलं नाही.

मी विचारायला गेलो, तर म्हणाला, "पंप धुतला व्हता की मी. रोग पडला असंल." वर चहाच्या टपरीवर बसून चार माणसांत सांगितलं, "कंपनीतला माणूस त्यो. त्याला काय शेती कळती!"

मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे विसरलो, असं त्याला वाटलं.

यंदा त्याचा मका तीन-चार पानांवर आला आणि सरींत गवत माजलं. एका सकाळी तो तणनाशकाचा खोका घेऊन माझ्याच दारात उभा. आत एक बाटली, एक पुडी आणि चार घड्यांचं माहितीपत्रक.

"चष्मा फुटलाय रं. पंपाला किती टाकायचं त्येवढं वाचून सांग."

मी कागद उलगडला. मुंगीएवढी अक्षरं. प्रमाणाच्या खाली एक ओळ होती : मक्यात कडधान्याचं आंतरपीक असल्यास वापरू नये.

त्याच्या मक्यात यंदा दर सहा ओळींनंतर तुरीची एक ओळ होती. ती त्यानं नव्हे, वहिनीनं पेरलेली. आमच्याकडं मका आडतीवर जातो, तो पुरुषाचा. मधल्या ओळी घरच्या बाईच्या. बी तिचं, पेरणी तिची, डाळही तिची. त्यात नवरा बोलत नाही. हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला वहिनी दिसलीच नाही. मला माझी कपाशी दिसत होती.

मी प्रमाण अचूक वाचलं. जमिनीत ओल आहे तोवर मार म्हणालो, वारं नसताना मार म्हणालो. इतका चांगला सल्ला मी त्याला जन्मात दिला नव्हता. ती ओळ तेवढी वाचली नाही.

मग रोज कंपनीच्या बसमधून उतरलो की घरी जायच्या आधी बांधावर जायचो. चौथ्या दिवशी गवत पांढरं पडायला लागलं. पाठोपाठ तूर. मका हिरवागार, आणि मधल्या ओळी चुना मारल्यासारख्या. असा आनंद मला बोनस मिळाल्यावरही झाला नव्हता. तो डोक्याला हात लावून उभा होता. मी बांधावरूनच म्हणालो, "रोग पडला असंल, दादा."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की वर्षभराचं व्याज वसूल झालं. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

सुट्टीच्या दिवशी वहिनी आली. पदराखालून तोच कागद काढला. ती शाळेत गेलेली नाही.

"भावजी, हे सगळं वाचा. एक अक्षर सोडू नका. दुकानदाराला जाब इचारायचाय. माझं म्हायेरचं बी व्हतं. सगळं पेरलं, मूठभर बी मागं ठिवलं नाय."

मी वाचायला लागलो. प्रमाण वाचलं, पाणी किती ते वाचलं. त्या ओळीवर आलो. तिच्यासमोर ती गाळायची हिंमत झाली नाही. वाचली.

तिनं कागदाकडं बोट केलं. मग म्हणाली, "हे त्या दिशी बी लिव्हलेलं व्हतं?"

"व्हय."

"आन तुम्ही वाचलं व्हतं?"

मी होकाराची मान हलवली. तिनं माझ्या हातातला कागद घेतला, घडी घातली.

"माझ्या तुरीनं तुमचं काय घोडं मारलं व्हतं, भावजी?"

उत्तर माझ्याकडं वर्षभर तयार होतं. पण ते तिच्या नवऱ्यासाठी होतं.