सातवं तळं आणि तेवीस किलो

कॅनडातल्या ओकव्हिलमधला मराठी माणूस भारतात निघाला आणि त्याची बॅग बाळ करंदीकरांनी भरली नाही, असं सहसा होत नाही. बुटांत मोजे, मोज्यांत व्हिटॅमिनच्या बाटल्या, भोवती टॉवेल, आणि काट्यावर बरोब्बर तेवीस किलो. एकोणऐंशीव्या वर्षीही रिकामी जागा दिसली की बाळकाकांचा जीव कासावीस होतो. फक्त एका बाईची बॅग त्यांच्या हाती लागत नाही, आणि ती त्यांच्याच घरात राहते.

कारण दोन हजार एक सालचं. मॉन्ट्रियलहून सामान हलवताना काकांनी मुलाच्या व्हिडिओ गेम्सच्या डिस्क डब्यांतून काढल्या, कारण डब्यात निम्मी हवाच असते, आणि नुसत्याच एकावर एक रचून पोळपाटाखाली दाबल्या. त्यात बेडकांच्या शर्यतीचा गेम होता. मुलगा निहार त्याला केव्हाच कंटाळला होता. खेळायच्या त्या त्याच्या आई, मृणालिनीबाई. दिवसभर लोकांची बाळंतपणं करून आलेल्या या डॉक्टरीणबाई कोटसुद्धा न काढता बेडूक पळवायच्या. सहा तळी जिंकून झाली होती. ओकव्हिलला येऊन सातवं लावलं, बेडकाने उडी मारली आणि तो हवेतच राहिला. डिस्कवर हा एवढा चरा.

"यापुढे माझ्या बॅगेला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि चोवीस वर्षं तसंच चाललं. काकांना ते फार लागलं होतं. गावभर मान, आणि घरात ही गत.

यंदा डिसेंबरात पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा काकांनी ठरवलं की आता हा डाग धुऊन काढायचाच. बेसमेंटमध्ये बसून त्यांनी डिस्कची प्रत कॉम्प्युटरवर उतरवली. चऱ्याखालचं काही वाचता येईना. जुने गेम्स जमवणाऱ्या व्हिटबी गावच्या नॉर्बर्टकडे तीच डिस्क निघाली, डब्यासकट, अगदी लख्ख. तिच्यावरून तेवढा तुकडा घेऊन जोडला. जुन्या कन्सोलचं सोंग घेणारा प्रोग्रामही मिळाला. पण प्रत उघडून पाहतात तर काय, निम्म्या जागेत नुसती शून्यं. काकांचे हात शिवशिवले. त्यांनी शून्यं काढून टाकली, सगळं अंगाला अंग लावून बसवलं आणि बायकोला खाली बोलावलं.

पहिल्याच तळ्यावर बेडूक हवेत लटकला.

मृणालिनीबाईंनी बेडकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अहो, हे तुम्हीच पॅक केलंत ना?" आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काकांना हसू येईना. त्यांनी किचनर शहरात राहणाऱ्या निहारला फोन लावला.

"बाबा, प्लीज सांगा की तुम्ही पॅडिंग डिलीट नाही केलंत."

"अरे, रिकामी जागा होती ती."

"गेम सगळं नंबरने शोधतो. लाइक सीट नंबर्स. तुम्ही एम्प्टी सीट्स काढल्या, सो एव्हरीबडी मूव्ह्ड. पुट इट बॅक."

शून्यं परत भरताना काकांचा जीव तुटत होता, पण भरली. शेवटचं शून्य जागेवर गेलं आणि बेडूक सुटला. मग पंधरा दिवस घरात स्वयंपाकाचा पत्ता नव्हता. काका टोस्ट भाजून खाली नेत, बाई पडद्यावरून नजर न हटवता खात आणि बेडकाला म्हणत, "हल ना मेल्या." एका रविवारी दुपारी सातवं तळं आलं. उडी. काकांनी डोळे मिटून घेतले. पाण्याचा आवाज झाला, मग तुतारी वाजली, आणि डोळे उघडले तर नव्या गुडघ्याच्या मृणालिनीबाई सोफ्यासमोर नाचत होत्या. काकाही नाचले. त्यांना इतका आनंद झाला की बेडकाला मिळालेला मुकुट नीट दिसेना.

संध्याकाळी मृणालिनीबाईंनी आपली उघडी बॅग ओढत आणून काकांसमोर ठेवली.

"तेवीसच्या वर जाऊ देऊ नका."

काकांनी दोन तास लावले. झाल्यावर बाई वाकून पाहू लागल्या.

"अहो, या कोपऱ्यात वीतभर जागा राहिली."

"माहीत आहे," काका म्हणाले. "राहू दे."