बाई आणि वालाच्या जाती

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीइतकं मला आयुष्यात कोणीही दमवलेलं नाही, आणि हे मी सारी नोकरी वनखात्यात, चंद्रपूरच्या उन्हात काढून सांगतो आहे. घरात सगळे त्यांना बाई म्हणतात. मूलच्या शाळेत त्या शिकवायच्या. आता निवृत्त आहेत, एकट्या राहतात आणि वालाच्या शेंगांच्या जाती ठरवतात. म्हणजे ठरवतात त्या, आणि गाडी चालवतो मी.

बाजारात टोपलीपुढे उभं राहून बाई खणखणीत मास्तरणीच्या आवाजात विचारतात, "याची जात कोणती?" आजूबाजूची माणसं दचकून आमच्याकडे पाहतात. शेंगवाली बिचारी म्हणते, "गावरान हाय बाई." "गावरान हे नाव नाई, ते आडनाव झालं. नाव सांग." नाव तिला ठाऊक नसतं. मग बाई शेंग उन्हात धरतात, कड चाचपतात, नखानं सोलतात आणि दाण्यावरची पांढरी रेघ पाहतात. त्या रेघेला त्या डोळा म्हणतात. तो कुठून कुठवर गेला आहे यावर जात ठरते. तोवर पिशव्या धरून माझे हात भरून आलेले असतात. नाव ठेवण्याचे त्यांचे नियमही कडक. देवाचं नाव नको, माणसाचं नको, कौतुकाचं तर नकोच. "नावातून शेंग दिसली पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांच्याकडे जांभळकाठी आहे, म्हैसकानी आहे, विळ्यासारखी वाकलेली कोयती आहे. माझ्या मुलीनं एकदा हौसेनं एका शेंगेला 'राजकन्या' सुचवलं, तर बाईंनी तिला तासभर राजकन्येची कड कशी असते ते विचारलं.

याच मुलीचं लग्न ठरवायला आम्ही सिंदेवाहीला गेलो. मुलाच्या आईनं मोठ्या प्रेमानं भाजी वाढली. "ही आमच्या माहेरची खास शेंग. दुसरीकडं कुठी भेटत नाई." बाईंनी एक घास खाल्ला, ताट तसंच ठेवलं आणि मागच्या कुंपणाकडे गेल्या. इकडे मुलाचा पगार, नोकरी, स्वभाव असं काय काय निघालं होतं. बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "ही कोयतीच आहे. मूलच्या बाजारात ढिगानं असते." पुढचा आठवडा मी फोनवर माफी मागण्यात घालवला. लग्न झालं, पण विहीणबाईंनी पुन्हा कधी आम्हाला वालाची भाजी वाढली नाही.

परतीच्या वाटेवर मी चिडून विचारलं, "बाई, नावासाठी काऊन एवढा जीव काढता?"

बाई म्हणाल्या, "जवाईबापू, आमच्या मायच्या परसात एक वाल होता. माय त्याले नुसतं 'आपला वाल' म्हणे. माय गेली, अन् त्या वर्षी बी धरायचं कोणाले सुचलंच नाई. नंतर शोधाले निघाली, तं लोकायले विचारू काय? आपला वाल हाय का म्हणून? ज्याचा त्याले आपलाच असते."

मागच्या सीटवर माझी बायको खिडकीबाहेर पाहत होती. आई गेली तेव्हा ती लहान होती. तिला त्या वालाची फक्त चव आठवते.

त्यानंतर मी कुरकुर करायचो, पण मनातल्या मनात. भामरागडला गेलो तेव्हा नदी चढली, रस्ता बंद झाला, आणि आम्ही तिकडेच अडकून पडलो. मी पाणी कधी उतरतं ते बघत बसलो. बाई लोकांची कुंपणं बघत गावभर हिंडल्या. मायचा वाल कुठेच मिळाला नाही.

मग एका वर्षी माझी बायको आजारी पडली. ताप गेला, पण अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. एकदा म्हणाली, "मायच्या हातची वालाची भाजी असती तं खाल्ली असती." तिला बघायला आलेल्या बाईंनी चप्पल घातली. "जवाईबापू, गाडी काढा."

कितीतरी गावं पालथी घालून मुलचेऱ्याजवळच्या एका बंगाली वस्तीत आम्ही पोचलो. तिथे एका झोपडीच्या छपरावर शेंगा लटकत होत्या. बाईंनी एक हातात घेतली आणि खालीच बसल्या. घरवाली घाबरली. "दीदी, शिम है. ले जाओ ना, जितना चाहिए." शिम म्हणजे त्यांच्या भाषेत वाल. तिनं ओंजळभर सुकं बीही बांधून दिलं.

बाईंनी स्वतः भाजी केली. बायकोनं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "बाई, हाच. मायचा हाच वाल." बाईंच्या तळहातावर एक सुका दाणा होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "हो," त्या म्हणाल्या, "हाच." बायकोनं वाटी पुसून खाल्ली आणि पुन्हा मागितली.

मी बाईंना मूलला सोडायला निघालो. मलाच फार आनंद झाला होता. "सापडला म्हणायचा शेवटी!"

"तो नाई, जवाईबापू." बाई समोर रस्त्याकडे पाहत होत्या. "मायच्या वालाचा डोळा दाण्याले अर्धा वेढा घाले. याचा इवलासा आहे. ही जातच वेगळी आहे. पण तिले नका सांगू."

मी सांगितलं नाही. बायको आता बरी आहे, आणि तो वेल आमच्या कुंपणावर दर वर्षी माजतो. आल्यागेल्याला ती कौतुकानं सांगते की हा आमच्या मायचा वाल. थंडीत बाई येतात, दोघी बहिणी उन्हात शेंगा मोडत बसतात आणि बाई मान डोलावतात. मी दमलो आहे. गाडीही दमली आहे. आता आम्ही कुठे जात नाही. कधी कधी बाई एखादी पिकली शेंग सोलून दाणा उजेडात धरतात, जरा वेळ पाहतात, आणि टोपलीत टाकतात.