अर्धा चेंडू

मेन रोडवरच्या दुकानातून बाबांनी आणलेल्या जादूच्या पेटीत एकही वस्तू धड नव्हती. दोरी विसकटलेली, पत्ते इतके पातळ की मागून इक्का दिसे. सगळ्यात रडका होता चेंडूचा पेला. त्याच्या तोंडावर अर्ध्या चेंडूची पोकळ टोपी बसते आणि समोरच्याला अख्खा चेंडू वाटतो; झाकणाबरोबर टोपीही उचलली की चेंडू गायब. आमची प्लॅस्टिकची टोपी नुसत्या फुंकरीनं पडायची. मी पाचवीत होते आणि स्नेहसंमेलनात जादू करणार म्हणून वर्गभर मिरवून बसले होते.

बाबा मूळचे कळवणकडचे. सातपूरला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात ते लेथवर टर्नर होते. त्यांच्या मापाला तिथं कुणी नावं ठेवत नसे. पेला उलटसुलट करून ते म्हणाले, "ह्याला काय फिटिंग म्हणायचं? लय ढिलं हाय. मी देतो करून."

साहेबांना विचारून, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी पितळेच्या तुकड्यातून नवा पेला, टोपीसकट, कातला. टोपीला बाहेरून लाल रंग दिला. काय बसायची ती! हलवली तरी ढळत नसे, आणि झाकणाबरोबर अलगद निघे. "कडेला तेलाचं बोट फिरवलंय. तेवढं पुसू नको, नाहीतर टोपी अडकंल," बाबा म्हणाले.

संमेलनाच्या सकाळी पेला मला मळका वाटला. आमच्या घरी पितळ म्हटलं की चिंच. घासून लख्ख केला, कडेसकट. तेलाचं मी विसरले, की विसरल्याचं सोंग केलं, आता सांगता येत नाही.

स्टेजवर चेंडू आला, टाळ्या पडल्या. मग तो जायचं नाव घेईना. मी झाकण ओढलं, पुन्हा ओढलं, शेवटी हिसडा दिला. टोपी उडून पहिल्या रांगेपाशी पडली आणि तिची पोकळ बाजू सगळ्यांना दिसली. हॉल हसला. मी रडत म्हणाले, "बाबांनीच नीट केला नाही." माईक चालू होता. पाळी बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्या बाबांनी वाकून टोपी उचलली.

घरी त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "चिंचेनं घासला का गं?"

"नाही."

"मग माझंच माप चुकलं."

स्वतःच्या हातापेक्षा त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. खरं सांगायला पुढं कितीतरी वर्षं होती. मी सांगितलं नाही, आणि याची लाज मला अजून वाटते.

त्या रविवारी ते दारात बसून कानस मारत राहिले. थोडं घासायचं, बसवून बघायचं, मान हलवायची. चूक सापडेना, ती तिथं नव्हतीच. संध्याकाळी त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "आता निघते बघ."

मी घेतला, तर टोपी आपोआपच पडली.

"छान झालं," मी म्हणाले.